मागितलेला रवंथ

धोंडीबाला कधी काही मागता आलं नाही. आमटीत मीठ नसलं तर तो तशीच खायचा आणि उठताना मिठाच्या बरणीकडं एकदा बघायचा. त्याची बायको मनुबाई हिला याचा अर्थ कळायला लग्नानंतर बरेच महिने लागले. तोवर तिला वाटायचं, नवऱ्याचा त्या बरणीवर काहीतरी राग आहे. मुलगी बघायला तो तिच्या माहेरी गेला, तेव्हा उन्हातून चालत आल्यामुळं त्याचा घसा कोरडा पडला होता. पाणी मागावं कसं हे सुचेना, म्हणून तो कोपऱ्यातल्या घागरीकडं बघत बसला. बराच वेळ बघितल्यावर त्याच्या मामानं, घागर चांगली आहे हो, असं म्हणून बघितलं. लग्नात सासऱ्यांनी ती घागर आंदण दिली. त्या दिवशी पाणी मात्र मिळालं नाही.

असा हा माणूस गावात चोर म्हणून प्रसिद्ध होता, आणि त्यासाठी गावात त्याला मान होता.

त्याचं असं आहे. म्हसवडच्या बाजूला, माणगंगेपासून जरा लांब, पळसवाडी नावाचं लहान गाव होतं. त्या गावात जनावरानं रवंथ सोडला की घर घाबरायचं. बैल एक वेळ वैरण कमी खाईल, लंगडेल, शिंग मोडून घेईल, त्याला उपाय असतो. पण बसल्या जागी तोंड हलायचं बंद झालं की पोट आतून थांबलं असं समजायचं. त्यावर एकच औषध होतं. चांगल्या जनावराच्या तोंडातला रवंथाचा घास काढायचा आणि आजारी जनावराच्या जिभेच्या मुळाशी ठेवायचा. हा घास मागून आणायचा नाही, चोरून आणायचा. मालकाशी बोलायचं नाही, त्याच्याकडं बघायचं नाही. वाटेत शब्द निघाला तर रवंथ मरतो. घरी गेल्यावर आभारही मानायचे नाहीत.

यात मालकालाही काम असायचं. चोर ओलं फडकं घेऊन आवारात शिरला की आधी खोकायचा. मग घरधनी एकदम आभाळाकडं बघायला लागायचा. ढग नसले तरी बघायचा. बायका चुलीत फुंकर घालायच्या. कुत्र्याला हे समजावता येत नसे, म्हणून त्याला आधीच बांधून ठेवायचे.

धोंडीबाला ही रीत मनापासून मानवली होती. न बोलता, न बघता, कुणाचे उपकार न घेता एखादी गोष्ट मिळवायची, आणि तेच बरोबर धरलं जायचं, असं जगात दुसरं काही त्याला माहीत नव्हतं. हातही हलका होता. बैलाशेजारी उकिडवं बसायचं, मानेच्या डाव्या बाजूकडं बघत राहायचं. घास पोटातून वर चढताना तिथं कातडीखाली गोळा सरकताना दिसतो. तो जबड्याशी आला की पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या फटीतून हात आत. बैलाला कळायच्या आत घास फडक्यात, फडकं बंडीच्या आत, पोटाशी. गार झाला तर उपयोग नाही. आजूबाजूच्या चार वाड्यांतली माणसं धोंडीबाला बोलवायला यायची. बोलवायची म्हणजे दारात येऊन उभी राहायची. तो समजायचा.

पासष्ट साली पाऊस झाला नाही. सहासष्टचा उन्हाळा लागला तेव्हा कडब्याची पेंडी बघायला मिळेना. रेशनवर मिलो येऊ लागला होता. लालसर, अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, आणि खाल्ली तर छातीशी बसून राहायची. त्यात एक खेप भिजून, किड्यानं भरून आली. गावानं ती घेतली, आणि माणसांना नको म्हणून जनावरांना घातली. कडबा नव्हताच. जनावरं पहिल्यांदा पोटभर जेवली.

मग एकेका गोठ्यात तोंडं थांबायला लागली.

धोंडीबाच्या पाखऱ्यानं तर दावं तोडून पोत्यातच तोंड घातलं होतं. पाखऱ्या खिलार, पांढराशुभ्र, मानेवर थोडी राखाडी झाक. म्हसवडच्या जत्रेतून वासरू म्हणून आणलेला. त्याच्या जोडीचा बैल आधीच्या वर्षी म्हातारपणानं गेला होता. तेव्हापासून पाखऱ्या आणि गुंडा नावाच्या शेजाऱ्याचा बैल अशी जोडी करून दोघं शेजारी वारंगुळ्यानं, म्हणजे आळीपाळीनं, एकमेकांची शेतं नांगरायचे. जू उचललं की पाखऱ्या आपणहून मान खाली घालायचा. धोंडीबाला त्याच्याकडं कधी काही मागावं लागलं नव्हतं. घरात बोलायचं ते मनुबाई बोलायची, आणि ज्याच्याशी न बोलता भागायचं तो पाखऱ्या होता. आता तो मान टाकून बसला होता. नाकपुडी कोरडी, कुशीत हात दाबला तर पिठाच्या गोळ्यात दाबल्यासारखा खड्डा पडत होता आणि तसाच राहत होता.

धोंडीबा फडकं भिजवून निघाला. पाटलांच्या गोठ्यात गेला; खोकला; पाटलांनी आभाळाकडं बघितलं. पण गोठ्यातल्या एकाही जनावराचं तोंड हलत नव्हतं. पाटलांची मान अवघडली तरी ते वरच बघत राहिले. शेवटी धोंडीबानं परत खोकून निघाल्याचं कळवलं. असं त्यानं सगळं गाव पालथं घातलं. पलीकडच्या वाडीत हाच मिलो, हेच हाल. म्हसवडहून आणायचा म्हटलं तर तिथून येईतो घास दगडासारखा गार.

ओढ्यातल्या झिऱ्यावर पाणी भरायला गेलेली मनुबाई घागर खाली ठेवतच म्हणाली, "सुभेदार चघळतुया."

"कोण सुभेदार?"

"जोत्याचा बैल. वड्यापल्याड बसलाय निवांत. पान खाल्ल्यावानी तोंड हलतंय."

ओढ्यापलीकडची वस्ती दहा वर्षांपूर्वी बौद्ध झाली होती. गावानं ते मान्य केलं होतं. म्हणजे जुनं नाव घ्यायचं नाही आणि नवं तोंडात बसत नाही, म्हणून गाव 'पल्याड' एवढंच म्हणायचं. पल्याडच्या गोठ्यातून रवंथ आणायची रीत नव्हती. का नव्हती हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. जोतीराम सरतापे पलटणीतून नाईक म्हणून पेन्शन घेऊन आला होता, आणि आपल्या बैलाचं नाव त्यानं सुभेदार ठेवलं होतं. घरात आपल्यापेक्षा वरच्या हुद्द्याचं कुणीतरी असलं की शिस्त राहते, असं तो म्हणायचा. त्याचा बैल आजारी पडला नाही याचं कारण साधं होतं. गावानं जनावरांना घातलेला मिलो जोतीरामच्या घरी माणसंच खात होती. सुभेदाराला बांधावरचं वाळलं गवत आणि उसाच्या पाचटाशिवाय काही मिळत नव्हतं.

"पल्याड?" धोंडीबा म्हणाला.

"मंग काय झालं? पाखऱ्याच्या तोंडात जायचंय, तुमच्या न्हाई."

धोंडीबानं फडकं परत भिजवलं.

जोतीराम अंगणात बाजेवर बसून पलटणीतल्या बुटांना तेल लावत होता. धोंडीबा कुंपणाच्या आत आला आणि रीतीप्रमाणं खोकला. जोतीरामनं आभाळाकडं बघितलं नाही. त्यानं धोंडीबाकडं बघितलं.

धोंडीबा परत खोकला.

"खोकला लय झालाय," जोतीराम म्हणाला. "बना, पाणी आण गं."

आत बनाबाईच्या, म्हणजे जोतीरामच्या बायकोच्या, हातातली भांडी वाजली. धोंडीबानं जोरजोरात मान हलवली आणि फडकं पाठीमागं धरलं. शब्द निघाला होता. त्याच्या हिशेबानं सुभेदाराच्या पोटातला त्या दिवसाचा सगळा रवंथ आता मेला होता.

"फडकं कशाला लपिवता? कशाला आलायसा ते ठावं हाय मला. गावभर हिंडलासा, समद्यांनी बगितलंय." जोतीरामनं बूट खाली ठेवला. "पलटणीत एक कायदा हाय, धोंडीबा. स्टोअरमधनं सामान पायजे तर समोर हुबं ऱ्हायाचं, नाव सांगायचं, मागायचं. परमिशन म्हणत्यात त्येला."

धोंडीबा पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

"गावात तुमी चोरता, मालक वर बगतो, त्यो मान झाला. पर आमच्याकडं बगायचं न्हाई, आमच्याशी बोलायचं न्हाई, आन न्यायचं तेवढं न्यायचं, ह्ये आमी आमच्या आज्यापासनं बगतोय. त्यात औषध काय हाय ते मला दिसत न्हाई. मागा. एका शब्दानं मागा, आन लागंल तेवढा न्या. सुभेदार काय कमी करत न्हाई."

सुभेदार मागं बसून चघळत होता. धोंडीबाला त्याच्या मानेवरून गोळा वर सरकताना स्पष्ट दिसला. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. मग तो वळला आणि घरी आला.

"आणला?" मनुबाईनं विचारलं.

"बोलला."

"काय बोलला?"

"माग म्हणाला."

मनुबाई उंबऱ्यावर बसली. "म्हंजी पाखऱ्या गेला," ती म्हणाली.

तरी ती गप्प बसणारी नव्हती. पदर खोचून ती स्वतः पल्याड जाऊन आली. जोतीरामनं तिला बसायला पोतं दिलं, चौकशी केली, आणि सांगितलं की ज्याचा हात सुभेदाराच्या तोंडात जाणार त्यानंच मागायचं. एकानं मागायचं आणि दुसऱ्यानं न्यायचं, याला पलटणीत वेगळं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मूळचे सांगलीचे, जनावरांच्या दवाखान्यात नवीन नेमणूक. आसपासच्या गावांत जनावरं आजारी पडल्याचं कळल्यावर सायकलवरून निघाले होते. ते पोचले तेव्हा गुंडाच्या बैलाचं पोट डावीकडून ढोलासारखं फुगलं होतं आणि त्याला उभं राहवत नव्हतं. डॉक्टरांनी जागा धरली, दाभणासारखं हत्यार नळीसकट कुशीत घातलं आणि दाभण काढून घेतलं. नळीतून फुस्स करून वायू निघाला. माणसं दोन पावलं मागं सरली.

"आता गंमत दाखवतो," डॉक्टर म्हणाले. "बैलाच्या पोटातला वायू पेटतो. निळी ज्योत लागते."

त्यांनी काडी ओढून नळीच्या तोंडाशी धरली. काडी विझली. दुसरी ओढली. तीही विझली. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी आपली काडेपेटी दिली. तिच्यातल्या काड्याही विझल्या.

"दमट आसतील," गुंडा म्हणाला. बैल त्याचा होता आणि आता त्याला बरं वाटत होतं, म्हणून तो बोलायच्या मनःस्थितीत होता.

डॉक्टर मात्र गंभीर झाले होते. "काड्या चांगल्या आहेत. आतलं बिघडलंय," ते म्हणाले, आणि गोठ्याच्या दगडावर बसून सांगू लागले. बैलाला कडबा पचवता येत नाही. त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. कडबा ते खातात, आणि त्यांनी जे तयार केलेलं असतं त्यावर बैल जगतो. आपल्याला वाटतं आपण बैलाला चारतो. चारतो त्यांना.

"म्हंजी बैल नुसता जमीनदार हाय," गुंडा म्हणाला. "कसायला आत कुळं ठेवल्यात."

"तसं म्हणा. त्या कुळांतले काही एवढंच करतात, पेटणारा वायू तयार करायचा. बैल दिवसभर ढेकरा देऊन तो बाहेर सोडतो."

"तेवढंच काम? रिकामटेकडीच म्हणायची."

"नाही. बाकीच्यांच्या कामातून जे नको ते उरतं, त्याचा हे वायू करतात. ते थांबले की बाकीच्यांचं अडतं. तुम्ही मिलो घातलात. एवढं धान्य एकदम पोटात गेलं की ते आंबतं. त्या आंबट पाण्यात सगळ्यात आधी हे मरतात. म्हणून ज्योत लागली नाही." डॉक्टरांनी हातातल्या जळक्या काड्यांकडं बघितलं. "तुमच्या गावातल्या बैलांची पोटं भरलेली आहेत आणि आत वस्ती नाही."

गुंडानं विचारलं, चांगल्या बैलाच्या तोंडाशी चिमणी धरली तर रॉकेल वाचेल का. डॉक्टर म्हणाले, बैल तयार असेल तर.

मग त्यांनी पाखऱ्याला तपासलं. कुशीला कान लावला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. खायचा सोडा पाण्यातून पाजायला सांगितला. "आंबट कमी होईल. पण मेलेले परत यायचे नाहीत. चांगल्या जनावराच्या पोटातलं पाणी काढून याला द्यायला हवं. त्याला लांब नळी लागते. ती मी मागवली आहे. या बैलाला तेवढा वेळ नाही."

"रवंथाचा घास चालंल का?" मनुबाईनं विचारलं.

"उत्तम. पण ताजा पाहिजे, आणि एकानं भागणार नाही."

धोंडीबा खांबाआड उभा होता. त्यानं मनुबाईच्या पदराला हात लावला आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मनुबाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "डाक्टरसायेब, त्यांस्नी ऐकू येतं का?"

"कुणाला?"

"प्वाटातल्यास्नी. बोललेलं."

डॉक्टर हसले नाहीत. ते विचारात पडले. "तसं कुणाला आढळलेलं नाही," ते म्हणाले.

"म्हंजी बोललं तर मरत न्हाईत?"

"गार झालं तर मरतात. हवेत फार वेळ राहिले तरी मरतात. बोलण्यानं मेल्याचं वाचनात नाही."

डॉक्टर पुढच्या वाडीला गेले. धोंडीबानं पाखऱ्याला बांबूच्या नळकांड्यातून सोडा पाजला आणि त्याच्याशेजारी बसून राहिला. डॉक्टरांच्या सांगण्यानं त्याची अडचण सुटली नव्हती, वाढली होती. आतापर्यंत त्याला म्हणता येत होतं की मागितल्यावर औषधाचा गुण जातो, म्हणून मागत नाही. आता नुसतंच मागायचं राहिलं होतं. त्यानं पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवला. पाखऱ्यानं डोळा उघडला. जवळच टेकवून ठेवलेलं जू त्याला दिसलं असावं, कारण त्यानं सवयीनं मान पुढं सरकवायला बघितली. ती अर्ध्यावर खाली पडली.

धोंडीबा उठला. फडकं घेतलं, घागरीतल्या पाण्यात भिजवलं आणि ओढ्याकडं निघाला. "मी येऊ का?" मनुबाईनं विचारलं. त्यानं मान हलवली. हो की नाही ते तिला कळलं नाही, म्हणून ती जरा मागून गेली.

दुपारची वेळ होती. पल्याड सगळे सावलीत बसलेले होते, त्यामुळं त्याला सगळ्यांनी बघितलं. तो जोतीरामच्या अंगणात जाऊन उभा राहिला. या वेळी खोकला नाही. जोतीराम बाजेवरून उठला आणि समोर उभा राहिला. दोघं बराच वेळ तसेच उभे होते. बघणाऱ्यांना वाटलं, यांची कुस्ती ठरली आहे.

धोंडीबाच्या कपाळावर घाम आला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बनाबाई आतून कपबशी घेऊन आली आणि तिनं चहा त्याच्या पुढं धरला. धोंडीबानं त्या घरात कधी काही घेतलं नव्हतं. गावातल्या कुणीच घेतलं नव्हतं. पण नको म्हणायलाही बोलावं लागलं असतं. त्यानं कप घेतला. चहा गुळाचा होता आणि फार गरम होता. कपात उरवावं तर का उरवलं ते सांगावं लागेल, म्हणून त्यानं तो सगळा प्यायला.

मागं, झिऱ्याजवळ उभ्या असलेल्या मनुबाईनं तोंडाला पदर लावला.

चहानं घसा ओला झाला म्हणा, किंवा आता यापेक्षा वाईट काही व्हायचं राहिलं नाही असं वाटलं म्हणा, धोंडीबाच्या तोंडून आवाज निघाला.

"आवं," तो म्हणाला. "आवं जोतीरामराव."

'राव' कुठून आला ते त्याला कळलं नाही. जोतीरामलाही कळलं नसावं. तो जरा गोंधळला. "राव नगं," तो म्हणाला. "जोतीराम बास झालं. बोला."

"तुमच्या... तुमच्या बैलाचा रवंथ द्याल का? आमच्या पाखऱ्याला पायजे. मरायला लागलाय वो त्यो."

एवढी मोठी वाक्यं तो लग्नानंतर बोलला नव्हता. ती बोलून झाल्यावर तो बाजेच्या कडेला बसला.

"परमिशन हाय," जोतीराम म्हणाला. "चला. मी शिंगं धरतो. त्यो अनोळखी माणसाला तोंड देत न्हाई, वरच्या हुद्द्याचा हाय."

अडचण अशी आली की एवढी माणसं जमलेली बघून सुभेदारानं चघळणं थांबवलं. जोतीरामनं सगळ्यांना पाठ फिरवून उभं राहायला सांगितलं. माणसं पाठ फिरवून उभी राहिली, आणि दुसरीकडं बघायचं कुठं म्हणून आभाळाकडं बघायला लागली. धोंडीबाला एकदम बरं वाटलं. सुभेदाराच्या मानेवर गोळा सरकला. हात आत गेला आणि बाहेर आला. हिरवट, गरम, आंबूस-गोड वासाचा घास. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक वेळी सुभेदार रिकामं तोंड दोनदा हलवायचा, विचारात पडायचा, आणि नवीन घास वर आणायचा. बनाबाईनं कोमट पाण्याचा तांब्या आणून दिला. जास्तीचे घास त्यात कालवून वरून कापड बांधलं.

पोटाशी फडकं धरून धोंडीबा पळत निघाला. तांब्या घेऊन जोतीराम त्याच्या मागं. दोघं ओढा ओलांडून, गावाच्या मधल्या वाटेनं, पाटलांच्या दारावरून गेले. पाटलांनी सवयीनं आभाळाकडं बघितलं. मग मागून जोतीराम येताना दिसला, तेव्हा खाली बघितलं. मग परत वर बघितलं. कुठं बघायचं ते काही त्यांचं ठरलं नाही.

गुंडा आधीच धोंडीबाच्या गोठ्यात येऊन बसला होता. "मागून आणलाय म्हणं," तो म्हणाला. "गुण यायचा न्हाई गड्या. बोलल्याव मेला त्यो वाटंतच."

"त्यांस्नी कान न्हाईत," धोंडीबा म्हणाला.

गुंडानं मनुबाईकडं बघितलं. "ह्यो बोलाय कवा लागला?"

पहिला घास जिभेच्या मुळाशी ठेवला. तांब्यातलं नळकांड्यानं हळूहळू पाजलं. जोतीरामनं पाखऱ्याचा जबडा वर धरला होता. धोंडीबाच्या दारात जोतीराम पहिल्यांदाच आला होता, आणि हे सगळ्यांच्या लक्षात पाजून झाल्यावर आलं. तोवर तो गोठ्यातल्या दगडावर बसला होता. मनुबाईनं चहा टाकला. तिनं कपबश्या धुवून घेतल्या, सगळ्या सारख्या.

त्या संध्याकाळी काही झालं नाही. सकाळी जोतीराम न बोलावता परत तांब्या घेऊन आला. त्या दिवशीही काही झालं नाही. गुंडा येऊन बघून जायचा आणि म्हणायचा, मी आधीच सांगितलं होतं. जोतीराम म्हणायचा, "कुळं नवीन हाईत. घरं बांधाय टाइम लागतो." ही कुळांची गोष्ट त्याला धोंडीबानंच सांगितली होती. तांब्या दारात आला तरी धोंडीबाला रोज मागावं लागत होतं, कारण जोतीरामनं नियम सोडला नव्हता. रोज मागताना त्याच्या कानाची पाळी लाल व्हायची. मागणं मात्र लहान होत गेलं. शेवटी तो नुसतं "द्या वो" म्हणायचा.

मग एका सकाळी धोंडीबा कुशीला कान लावून बसला असताना आत कुठंतरी दळल्यासारखा आवाज झाला. परत झाला. पाखऱ्यानं मान लांब केली आणि ढेकर दिली. मोठी, लांबलचक, आंबूस वासाची. धोंडीबा तोंड पुढं करून तिचा वास घेत बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरून मनुबाईला कळलं. गुंडा काडेपेटी घेऊन धावला. मनुबाईनं त्याच्या हातावर पळी मारली.

"डाक्टरच म्हणालं व्हतं पेटतंय म्हणून!"

"बैल तयार आसंल तर म्हणालं व्हतं. माझा न्हाई."

ऊन अंगणात आलं तेव्हा पाखऱ्याच्या मानेवर, डाव्या बाजूला, कातडीखाली एक गोळा वर सरकला. तोंड एकदा डावीकडं गेलं, थांबलं, मग उजवीकडं. धोंडीबाचा हात सवयीनं उठला. त्यानं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

जोतीराम तांब्या घेऊन दारात आला होता. त्यानं बघितलं, तांब्या खाली ठेवला, आणि पलटणीत करतात तसा पाखऱ्याला सलाम केला. मग आजूबाजूला कुणी बघितलं का ते बघितलं.

त्यानंतर गावानं धोंडीबाला गळ घातली की आमच्यासाठीही तूच मागून आण, तुला आता येतंय. जोतीरामनं ते चालू दिलं नाही. ज्याला पाहिजे त्यानं यायचं. काहीजण आले, अंगठ्याकडं बघत उभे राहिले, चहा प्यायले, मागून घेऊन गेले. काहीजण आले नाहीत. त्यांची काही जनावरं आपोआप बरी झाली आणि काही झाली नाहीत. गावात असं ठरलं की मागितलेल्या रवंथाला गुण येतो खरा, पण जरा उशिरा येतो.

धोंडीबानं पुढं चोरी सोडली. दुसऱ्या वाडीतून बोलावणं आलं तर तो तिथं जाऊन आधी मागायचा. त्यामुळं तिथली माणसं बुचकळ्यात पडायची. ती आभाळाकडं बघत उभी असायची आणि हा समोर जाऊन, आवं, द्याल का, म्हणायचा. घरात मात्र त्याचा स्वभाव फार बदलला असं म्हणता येत नाही. मिठाच्या बाबतीत तो अजून बरणीकडंच बघायचा.

दोन-तीन वर्षांनी पाऊसपाणी बरं झालं होतं. सुभेदार म्हातारा होऊन गेला होता आणि जोतीरामनं नवीन खोंड आणला होता. एका दुपारी धोंडीबा अंगणात दोर वळत बसलेला असताना जोतीराम ओढ्याकडून आला आणि कुंपणाच्या आत येऊन थांबला. त्याच्या हातात ओलं फडकं होतं. गोठ्यात पाखऱ्या डोळे मिटून चघळत होता.

धोंडीबानं फडकं बघितलं आणि जुन्या सवयीनं त्याची मान वर गेली. आभाळात घार फिरत होती. ती तो बराच वेळ बघत राहिला. जोतीराम काही बोलेना. पलटणीतला माणूस, मागायचं तर समोर उभं राहायचं, हे त्यानंच गावाला शिकवलेलं. पण आता तोही अंगठ्याकडं बघत होता.

मग धोंडीबाच्या लक्षात आलं. त्यानं मान खाली आणली, दोर बाजूला ठेवला आणि जोतीरामकडं बघितलं.

"बोला," तो म्हणाला. "बसा आधी. मने, चहा टाक गं."

मनुबाई आतून बाहेर आली. नवऱ्यानं काहीतरी मागितलं होतं, आणि ते नीट ऐकलं का याची तिला खात्री करून घ्यायची होती.